लॅपटॉप वॉरंटीत दुरुस्त झाला, डेटा मात्र गेला

गेल्या काही दिवसांत चार-पाच जणांनी विचारलं, ताई नवीन लॅपटॉप घ्यायचाय, कुठल्या कंपनीचा घेऊ. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुन्या मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप नसली की विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, त्यामुळे आमच्या लाइनीतले बरेच जण सध्या नवीन मशीन बघतायत. कंपनीचं नाव मी कुणालाच सांगत नाही. पण माझ्या लॅपटॉपचं जे झालं ते एकदा सगळं लिहून टाकते, वाचा आणि मग ठरवा.

मी चिपळूणला जीएसटी आणि अकाउंटची कामं करते. किराणा, हार्डवेअर, एक बेकरी, दोन ट्रान्सपोर्टवाले, अशी छोटी माणसं. त्यांची वह्यापुस्तकं म्हणजे माझा टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, फोल्डर, दुसरं काही नाही. एन्ट्री गेली की त्यांचं वर्ष गेलं.

२२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणकरांना वेगळा सांगायला नको. आमचं ऑफिस जोत्यावर उंच आहे तरी पाणी टेबलाच्या वर चढलं, सीपीयू टेबलावरच होता, खालचा निम्मा भाग चिखलात. बाजारपेठेत आमचा नेहमीचा रिपेअरवाला आहे, त्याला फोन लागल्यावर त्याचं पहिलं वाक्य, "ताई, लाइट आली तरी बटण दाबू नका हां." एसएमपीएस म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा गेला, मदरबोर्ड म्हणजे मुख्य बोर्ड गेला. पण हार्डडिस्क वरच्या खणात होती, पाण्याला लागलीच नव्हती. त्याने चार स्क्रू काढले, डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली आणि टॅलीचा फोल्डर जसाच्या तसा उघडला. मी तिथेच रडले. चारशे रुपये बळेच त्याच्या हातात कोंबले, कारण त्याचं स्वतःचं दुकान धुऊन गेलेलं.

त्यानंतर लॅपटॉप घेतला. पूर आला तर उचलून माळ्यावर नेता येईल हा साधा विचार. बासष्ट हजारांचा, वर पैसे भरून तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी, म्हणजे इंजिनियर आपल्याकडे येऊन दुरुस्त करणार. दुकानातल्या मुलाने तिथल्या तिथे चालू करून दिला, मेल आयडी टाकला, ऑफिस टाकलं, मी चहा पीत बसले होते. हे लक्षात ठेवा, पुढे ह्यावरच सगळं अडलं.

परवाच्या जुलैत ११ तारखेला सगळ्यांचे जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीचे रिटर्न, भरून झाले आणि १२ ला सकाळी लॅपटॉप चालूच होईना. लाइट नाही, फॅन नाही. कस्टमर केअरला फोन लावला. सिरीयल नंबर मशीनच्या पोटावर इतक्या बारीक अक्षरात की मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचावा लागला. मग पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा, चार्जर काढा, परत लावा. केलं. फोन कट झाला. परत लावला तर दुसरा माणूस, केस नंबर सांगितला तरी पुन्हा पहिल्यापासून, मॅम पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा. दोन दिवसांत हे चार वेळा. ती पोरं उद्धट नव्हती, उलट फार अदबीने बोलत होती, पण त्यांच्यासमोर जी यादी असते ती पूर्ण केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही आणि इंजिनियर पाठवायचा निर्णय त्यांचा नसतो. मला राग त्या मुलांचा नाही आला, ज्याने ही रचना केली त्याचा आला, कारण निर्णय घेणारा माणूस गिऱ्हाइकाशी कधी बोलतच नाही.

१६ तारखेला इंजिनियर आला, रत्नागिरीहून, मोटरसायकलवर, भर पावसात. कंपनीचा माणूस नव्हे, कॉन्ट्रॅक्टवाला. त्याने मागचं कव्हर काढलं, फोटो काढले, पाठवले आणि म्हणाला मॅम एका कनेक्टरजवळ थोडं हिरवट दिसतंय, आता वरचे काय म्हणतात बघू. १७ ला मेल आला की हे कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज आहे, म्हणजे नुकसान गिऱ्हाइकाने केलंय, वॉरंटीत बसत नाही, मदरबोर्डाचे ३८ हजार भरा. अहो, कोकणातला जुलै आहे, इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते! मशीनवर पाण्याचा थेंब पडलेला नव्हता. ज्या मशीनला दमट हवा सोसत नाही ते इथे विकताना कुणी सांगितलं होतं का?

१८ ला सकाळी १९१५ ला फोन केला. ही ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. बिल, वॉरंटीचा कागद, तो मेल, फोटो, सगळं जोडून तक्रार नोंदवली. कंपनीलाही वेगळा मेल टाकला की द्रव सांडल्याचा पुरावा लेखी द्या, नाहीतर मी रत्नागिरीला जिल्हा ग्राहक आयोगात जाते. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. हे मेलमध्ये लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा एका अशा माणसाचा फोन आला ज्याला निर्णय घेता येत होता. बोर्ड फुकट बदलायचं ठरलं.

२५ ला तोच इंजिनियर नवा बोर्ड घेऊन आला. तासाभरात बसवला, मशीन चालू झालं, मी देवाला हात जोडले आणि समोर निळा स्क्रीन. ४८ आकडी रिकव्हरी की टाका.

कसली की? मला तोवर हे माहीतच नव्हतं. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टचं अकाउंट टाकून साइन इन केलं की डिस्क आपोआप लॉक होते. चोरी झाली तर डेटा वाचू नये म्हणून ही सोय आहे आणि सोय चांगलीच आहे. पण त्या कुलपाची किल्ली जुन्या बोर्डात असते, बोर्ड बदलला की मशीन तुम्हाला ओळखत नाही. दुसरी किल्ली, ते ४८ आकडे, त्या अकाउंटमध्ये साठवलेली असते. आणि अकाउंट दुकानातल्या मुलाने काहीतरी मेल आयडी बनवून टाकलेलं. तो मुलगा काम सोडून गेलेला, मेल आयडी कुणाला आठवत नाही.

इंजिनियरला म्हटलं जुना बोर्ड तरी ठेवून जा. तो म्हणाला मॅम, खराब पार्ट परत पाठवावा लागतो, नाहीतर माझे पैसे कापतात. माझ्या नऊ व्यापाऱ्यांच्या कुलपाची किल्ली त्या खोक्यातून गेली. बोर्ड बदलण्याआधी एकाने, फोनवरच्या किंवा मेलवरच्या एकाने तरी विचारायला हवं होतं की ताई, रिकव्हरी की आहे का तुमच्याकडे? एक वाक्य. त्यांनी पाठवलेल्या फॉर्मवर डेटाची जबाबदारी ग्राहकाची हे मात्र व्यवस्थित छापलेलं होतं.

एसएसडी, म्हणजे लॅपटॉपमधली डिस्क, घेऊन बाजारपेठेत गेले. आमच्या रिपेअरवाल्याने केसमध्ये घालून लावून बघितली, डिस्क दिसते पण उघडत नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तोच बोर्ड दुरुस्त केला असता तर उघडण्याची आशा होती ताई. हे लोक दुरुस्त करतच नाहीत, बदलतात." मी पूर्वी बदललं म्हणजे दुरुस्त झालं असंच समजायचे. हाच माणूस जुन्या डेस्कटॉपचे फुगलेले कपॅसिटर चिमट्याने काढून नवे लावायचा आणि तो बोर्ड पुढे कितीतरी वर्षं चालायचा.

पेनड्राइव्हवरचा बॅकअप मे महिन्याच्या मध्यापर्यंतचा होता. ती चूक माझी. दीड महिन्याची बिलं नऊ ठिकाणांहून गोळा करून मी आणि भाची रात्री अकरापर्यंत बसून पुन्हा मारली. जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरायचे रिटर्न, भरले ३१ ला, अकरा दिवस उशीर, दिवसाला पन्नास रुपये, प्रत्येकी साडेपाचशे, नऊ जणांचे ४,९५०. ते मी भरले, व्याजही भरलं. बेकरीवाले काका म्हणाले राहू दे पोरी, पण ऐकलं नाही.

तर कोणता लॅपटॉप घेऊ हे विचारू नका. तो उघडून दुरुस्त करणारं तुमच्या गावात कोण आहे ते आधी बघा, इंजिनियर कुठून येतो ते दुकानात विचारा, अकाउंट स्वतःच्या मेलवर स्वतःच्या हाताने बनवा. आणि आज रात्रीच सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या आत डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे हेच कुलूप, चालू आहे का बघा. चालू असेल तर की काढून कागदावर लिहा, आठ गट, प्रत्येकात सहा आकडे. माझी आता एलआयसीच्या पॉलिसीच्या फाइलीत आहे, आणि एक प्रत भाचीकडे, ती पहिल्या मजल्यावर राहते.