दहा-तारी टॅपिंग गिटारला मिळालेल्या दोन स्टारवर आमचं उत्तर

राम राम भाऊ,

तुमच्या टॅपिंग गिटारला, म्हणजे तारा छेडण्याऐवजी पट्टीवर बोटं मारून वाजवायच्या वाद्याला, दिलेल्या दोन स्टारचा राग नाही. वाद्य घेऊन एवढं सविस्तर लिहिणारं गिऱ्हाईक विरळच, वर तुम्ही व्हिडिओ आणि फोटोही टाकलेत, म्हणून नीट उत्तर देता येतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जाड तारा मधोमध लावून क्रमाचा घोळ घातलाय; तार छेडली की फडफडते; बेसच्या पाच तारांचा आवाजच येत नाही; मे महिन्यात फ्रेटची (पट्टीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या तारांची) टोकं बोटाला टोचायला लागली; बॉडीच नाही, म्हणजे आम्ही ‘फळीला तारा ठोकून’ पैसे घेतले; आणि असलं तर तुम्ही घरीही बनवलं असतं.

तारांच्या क्रमाचं आधी सांगतो, ते लवकर आटोपतं. जाड तारा मधेच असतात, मूळ रचनाच तशी आहे. मेलडीच्या पाच तारा डी, ए, ई, बी, एफ शार्प अशा कडेकडून मध्याकडे षड्ज-मध्यम भावाने उतरत येतात. मध्यापासून पलीकडे बेसच्या पाच, सी, जी, डी, ए, ई, षड्ज-पंचम भावाने चढत जातात. बेसला पंचमाचं अंतर ठेवल्यामुळे डाव्या हाताच्या एकाच पकडीत मूळ सूर, त्याचा पंचम आणि वरच्या सप्तकातला गंधार सापडतो. साध्या गिटारचे कॉर्ड इथे शोधाल तर डोकं फिरेल, ते मान्य.

आता मुक्या तारा. या वाद्यातून मेलडी आणि बेस असे दोन वेगळे सिग्नल एकाच स्टिरिओ जॅकमधून बाहेर येतात. त्यासाठी सोबत वाय केबल दिली होती, एका बाजूला एक पिन, दुसऱ्या बाजूला दोन. तुमच्या फोटोत ॲम्पला जी काळी केबल लागलेली दिसते ती साध्या गिटारची मोनो आहे. ती खुपसली की तिच्या पिनेचा मागचा भाग बेसच्या पत्तीला टेकतो आणि बेस सरळ ग्राउंडला जातो. पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडून त्याचा सिग्नल करणारा भाग, शाबूत आहे. ॲम्प एकच असेल तर दोन्ही पिना छोट्या मिक्सरमध्ये घाला. तुमच्या भागातल्या कुठल्याही ऑर्केस्ट्रावाल्याकडे तो मिळेल.

फडफडीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण खरी मेख तिथे आहे. व्हिडिओत तुम्ही अंगठ्यानं तार छेडताय. या वाद्याची ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची, बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटरच्या आत ठेवलेली आहे. छेडलेली तार मोठा झोका घेते, एवढ्या कमी उंचीत तिला जागा मिळत नाही, ती पुढच्या फ्रेटवर आपटते. आपटणारच. टॅपिंगमध्ये तार छेडायचीच नसते. बोट फ्रेटला चिकटून, किंचित मागे, तारेवर हलकंच मारायचं आणि तिथेच धरून ठेवायचं. त्या मारानंच सूर उठतो, झोका लहान राहतो आणि तार स्वच्छ बोलते. हार्मोनियमच्या पट्टीसारखं आहे हे: दाबलं की वाजतं, बोट उचललं की गप्प.

ते गप्प होणं घडतं ते नटाजवळच्या (मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात तो नट) हिरव्या फेल्टच्या पट्टीमुळे. तीच पट्टी ‘पॅकिंगचा उरलेला कपडा’ म्हणून तुम्ही ओढून काढलीत, असं तुम्हीच लिहिलंय. बोटानं तार दाबली की तिचे दोन तुकडे होतात. एक फ्रेटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे तारा टेकतात त्या दुसऱ्या टोकापर्यंत, तो आपला सूर. दुसरा बोटाच्या मागे नटापर्यंत, तोही आपला कुणकुणत राहतो. शिवाय बोट उचललं की मोकळी तार घणघणते. फेल्ट ही दोन्ही भुतं दाबून ठेवतं. ते काढल्यावर दहा तारा एकदम गोंगाट करणार, आणि ऐकणाऱ्याला वाटणार की वाद्यच वाईट. पट्टी फेकली असेल तर टेलरकडून जाड फेल्टचा तुकडा आणा, नटाच्या पुढे तारांखालून सरकवा, तारा जेमतेम टेकतील एवढाच.

एक निरीक्षण सांगतो. आमच्याकडे वाजवून बघायला येणाऱ्यांत बँजो पार्टीतली पोरं हे सगळ्यात लवकर उचलतात, कारण बटण दाबून सूर काढायची बोटांना सवय असते. जुना गिटारवाला अडतो. त्याचा उजवा हात सारखा छेडायला धावतो. तुमची गिटारवरची वर्षं इथे थोडी आडवी येताहेत, बाकी काही नाही.

फ्रेट टोचण्याची तक्रार खरी आहे, त्यावर हुज्जत घालत नाही. पण ती का होते ते बघा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि हवेत ओल नावाला नसते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र आकसतं. फ्रेटची तार धातूची, ती आहे तेवढीच राहते, मग तिची टोकं कडेतून बाहेर डोकावतात. साध्या गिटारची फ्रेटची पट्टी नटाजवळ जेमतेम 43 मिलिमीटर रुंद. तुमची सव्वातीन इंच, म्हणजे 82 मिलिमीटरच्या वर. ती एक टक्का जरी आकसली तरी प्रत्येक बाजूला 0.4 मिलिमीटर टोक बाहेर येतं, आणि एवढं तळहाताला व्यवस्थित लागतं. तुम्ही वाद्य पत्र्याच्या खोलीत, भिंतीला उभं टेकवून ठेवलेलं फोटोत दिसतं. त्या खोलीत दुपारी माणूस बसत नाही, लाकडानं कसं बसावं? कुलर चालतो त्या खोलीत ठेवा, पण कुलरच्या तोंडासमोर नको. ओली हवा थेट लागली की पावसाळ्यासारखं लाकूड उलट फुगतं आणि मान वाकडी होते. पहिल्या उन्हाळ्यानंतर टोकं एकदा कानसून दिली की पुढे फारसा त्रास होत नाही. ‘सेटिंगच्या नावाखाली परत बोलावतात’ असं तुम्ही म्हणता, ते याचसाठी, आणि पहिल्या वर्षी त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

फळीचं म्हणाल तर, अमेरिकेत एमेट चॅपमन नावाच्या माणसानं 1969 मध्ये दोन्ही हात पट्टीला काटकोनात आणून टॅप करायची पद्धत शोधली, तीही स्वतः घरी बनवलेल्या नऊ-तारी गिटारवर. पुढे 1974 पासून ‘चॅपमन स्टिक’ विकायला आली. तिलाही बॉडी नव्हती, आजही नसते. पट्ट्याच्या हुकात अडकवून ती जवळपास उभी धरतात, टोनी लेविन हा बेसवादक वाजवतो तशी. आवाज तारा आणि पिकअपचा. पोकळ पेटीचं इथे कामच नाही. चॅपमननं लाकडाखेरीज पॉलिकार्बोनेटच्या आणि बांबूच्याही स्टिक बनवल्या. तुम्हाला गिटारसारखं अंग हवंच असेल तर मार्क वॉरच्या धाटणीचं बनतं, किंग क्रिम्झन या रॉक बँडमध्ये ट्रे गन वाजवायचा ते. वजन वाढेल, पैसेही. दुकानात शिरणारा प्रत्येक जण आधी ‘हाई काय शे भो?’ विचारतो, त्यामुळे फळी म्हटल्याचं आम्हाला वाईट वाटत नाही. अमेरिकेहून मागवलेली फळी मात्र लाखाच्या वर जाते, ड्युटी वेगळी.

आता घरी बनवायचं. बनवाच. टोमणा मारत नाही, आमची निम्मी गिऱ्हाइकं अशीच हौशी आहेत आणि आम्ही त्यांना अर्धवट किटही देतो. 34 इंची स्केल (नटापासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी) धरा, म्हणजे 863.6 मिलिमीटर. त्याला 17.817 नं भागा, 48.47 येतात, नटापासून पहिला फ्रेट तिथे. उरलेल्या 815.13 ला पुन्हा 17.817 नं भागा, 45.75 येतात, तो दुसरा. असं करत बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, 431.8 ला, आला पाहिजे. खुणा करताना मात्र दरवेळी नटापासूनच मोजा. मागच्या फ्रेटपासून मोजत गेलात तर केसभर चूक साठत साठत वरच्या सप्तकात बेसूर होऊन बसते.

लाकूड नवीन घेऊ नका. वखारीत जुन्या वाड्याच्या तुळया येतात, त्यातलं सागवान वर्षानुवर्षं सुकलेलं असतं; चिरण्याआधी खिळे तेवढे शोधून काढा. सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी दोन्ही बाजू थिनरनं पुसा आणि लगेच गोंद लावून क्लॅम्प आवळा, नाहीतर सांधा पुढे सुटतो. एकाच फळीची मान करू नका. तीन पट्ट्या, मधलीचे रेषे उलटे फिरवून, एकत्र चिकटवा. एकेक तार सात-आठ किलोनं ओढते, दहा मिळून 70-80 किलोचा ताण झाला. म्हणून ट्रस रॉड, म्हणजे ताणानं मान वाकू नये म्हणून आत बसवायची धातूची सळई, दोन घाला. वरच्या पट्टीला सातपुड्यातलं अंजन मिळालं तर उत्तम. भयंकर टणक, करवतीचे दात काढून घेतं, पण फ्रेट असे धरतं की हलायचं नाव नाही.

आणि मग फ्रेट लेव्हल करणं. इथेच हौशी माणूस कंटाळतो. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करची रेघ मारायची, सपाट पोलादी पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून सगळ्या फ्रेटवर एकत्र घासायचं. रेघ जिथे शिल्लक राहील तो फ्रेट खाली आहे. सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या जाईपर्यंत थांबायचं नाही. साध्या गिटारला यात थोडं उन्नीस-बीस चालतं. टॅपिंगला एक फ्रेट उंच राहिला तरी ॲक्शन खाली घेता येत नाही, आणि ॲक्शन उंच असली की अर्ध्या तासात बोटं भरून येतात. तुम्ही जे पैसे मोजलेत त्यातले बरेचसे या घासण्याचे आहेत. लाकूड त्यात स्वस्तच.

तर आता असं करा. फडफड कमी व्हावी म्हणून ॲलन कीनं ट्रस रॉड फिरवल्याचं तुम्ही लिहिलंय, तो यापुढे फिरवू नका. सोमवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी अकरानंतर जळगावच्या वर्कशॉपला या. टोकं कानसून, मान सरळ करून, फेल्ट नवं बसवून देतो, आणि तासभर समोर बसून टॅप कसं करायचं तेही दाखवतो. त्यानंतरही नको वाटलं तर वाद्य ठेवून पैसे घेऊन जा, ते घ्यायला दुसरा हौशी यादीत आहेच. वाय केबल आणि कमरेच्या पट्ट्याचा हूक दोन्ही आठवणीनं आणा. हुकाशिवाय वाद्य उभं धरता येत नाही आणि शिकवणी तिथेच अडते.