डिस्चार्ज झालाय, फक्त घरी जायचं नाही

गेल्या महिन्यात आईचं पित्ताशय काढलं. ऑपरेशन तासाभरात झालं, डिस्चार्जला साडेबारा तास लागले. एवढ्या अभ्यासानंतर ज्ञान एकट्याजवळ ठेवणं बरं नव्हे. पुण्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी खासगी रुग्णालयात पेशंट ॲडमिट करायचा असेल, तर पुढचं मार्गदर्शन जपून ठेवा.

सुरुवात झेरॉक्सपासून. आधार, पॅन, पॉलिसी, प्रत्येकी पाच. पेशंट पोट धरून वाकला असला तरी काउंटरवर आधी झेरॉक्स ठेवा, पेशंट मागून दाखवता येतो. 'कॅशलेस आहे' असं ऐटीत सांगा. समोरच्या मॅडम गोड हसतील आणि डिपॉझिट मागतील.

खोली घेताना आईला जरा मोकळं वाटेल, असा विचार अवश्य करा. पॉलिसीत रोजच्या भाड्याची मर्यादा 4,000 आहे आणि खोली 6,000ची, तर वरचे 2,000 आपण भरू, असं गणित मांडा. हे झालं शाळेतलं गणित. बऱ्याच पॉलिसींत मग सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, सगळ्याचेच त्याच प्रमाणात, म्हणजे दोन तृतीयांशच मिळतात. आईला मोकळं वाटतं, तुमचा खिसाही मोकळा होतो.

पास एकच मिळतो. हरवू नका.

भेटायला जाणार असाल तर संध्याकाळी 5 ते 7 सोडून कधीही जा. लिफ्टपाशी उभे असलेले काका जेवणाचा डबा आणणाऱ्या पोराला अडवण्यात गुंतलेले असतात, तेवढ्यात तुम्ही सातजण जिन्याने वर पोचता. पेशंटच्या कॉटवरच बसा, शक्यतो टाक्यांच्या बाजूला. शहाळं न्या, ते फोडायचं कशानं याची चिंता त्यांना करू द्या. आणि तुमच्या साडूंचं असंच 'साधं' ऑपरेशन कसं चिघळलं, हे तपशीलवार सांगा. आमच्या एका काकांनी सांगितलं. रात्री आईचं बीपी वाढलं आणि काका घरी जाऊन शांत झोपले.

सोबतीच्या माणसासाठी रेक्झिनचं बाकडं असतं. झोपेचा प्रश्न येत नाही.

सिस्टरवर ओरडा, असं लिहिणार होतो. नाही लिहीत. रात्री आमच्या मजल्यावर बावीस बेड होते आणि सिस्टर दोन. बेल वाजवून वीस मिनिटं कोणी आलं नाही, तर त्या दोघी गप्पा मारत नसतात.

रुग्ण हक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं राज्यात 2021च्या नियमांनी बंधनकारक आहे. आमच्याकडे ते लावलेलं होतं. वॉटर कूलरच्या मागे.

आता मुख्य विषय. सकाळी 8:40ला डॉक्टर राउंडला येऊन म्हणतात, "आजी, आज घरी जायचं बरं का." हे ऐकताच पिशव्या भरा, भावाला गाडी घेऊन बोलवा, घरी मुगाची खिचडी टाकायला सांगा. मग बसा. 11 वाजता कळेल की डिस्चार्ज समरी टाइप झालीय, पण सही करणारे डॉक्टर ओटीत आहेत. 12:30ला कळेल की फार्मसीचा क्लिअरन्स नाही, कारण न वापरलेल्या दोन सलाइन खाली परत गेल्याच नाहीत. त्या मीच नेऊन दिल्या. एकला शेजारच्या बेडवर ताट आलं, आईला नाही. किचनच्या कॉम्प्युटरवर तिचा डिस्चार्ज झाला होता. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर झाला नव्हता. दोन्ही कॉम्प्युटर एकाच इमारतीत. आई मधुमेही, तिनं दोन मारी बिस्किटं खाल्ली. हातातली सलाइनची सुई, म्हणजे इंट्राकॅथ, तशीच, "क्लिअरन्स आला की काढू."

विमा नियामकाचं मे 2024चं परिपत्रक मी मोबाइलवर काढून ठेवलं होतं. डिस्चार्जच्या वेळी विमा कंपनीनं तीन तासांत मंजुरी द्यायची, उशिरामुळे रुग्णालयानं जादा पैसे लावले तर ते कंपनीनं सोसायचे. टीपीए म्हणजे विम्याच्या दाव्यांचं काम बघणाऱ्या डेस्कवरच्या मुलानं शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "सर, तीन तास आम्ही रिक्वेस्ट पाठवल्यापासून." बरोबर होतं त्याचं. आणि रिक्वेस्ट पाठवली त्यांनी 3:40ला! सकाळचे सात तास कुठल्याच नियमात बसत नाहीत, ते आपले, भेट म्हणून दिलेले. 6:25ला कंपनीचा प्रश्न आला: ऑपरेशनची गरज का भासली? तीन दिवसांपूर्वी सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन ज्या कंपनीनं याच ऑपरेशनला मंजुरी दिली, तीच कंपनी विचारत होती. पित्ताशय बरणीत भरून पाठवू का?

8:50ला मंजुरी आली. हातमोजे, मास्क आणि एक 'ॲडमिशन किट' (त्यात कंगवा होता) यांचे पैसे आम्ही भरले. 9:10ला खाली उतरलो.

जाऊ दे, नाही जमत मला ही थट्टा. त्या डेस्कसमोर भोरकडचे एक आजोबा सकाळपासून बायकोची फाइल घेऊन बसले होते. दर तासाला उठून विचारायचे, "साहेब, आमची यष्टी जाईल." गेली ती एसटी. त्या काउंटरमागच्या एकालाही मान वर करावीशी वाटली नाही.

अहो, पेशंट उद्या जाणार हे तुम्हाला आदल्या संध्याकाळी माहीत असतं. समरी तेव्हा टाइप करा. सलाइन तेव्हा परत न्या. बिल तेव्हा जुळवा. ॲडमिट करताना डिपॉझिट दहा मिनिटांत घेता ना, तेव्हा कुठलं सॉफ्टवेअर बंद पडत नाही! कॉफी शॉप काढलंत लॉबीत, डिस्चार्जच्या टेबलावर दुसरा माणूस बसवायला पैसे नाहीत? आणि विमावाले, एकदा वाचलेला रिपोर्ट परत कसला मागता? माणसं जेवायची थांबलेली असतात इकडे. निदान ती हातातली सुई तरी सकाळी काढा. तिला कुणाचं अप्रूव्हल लागत नाही.