मन होतं, पण आकड्यांत
कामात मन असलेला वरिष्ठच हाताखालच्यांना आधार देतो, हे लेखातलं म्हणणं पटलं, पण अर्धंच. आमचे एक साहेब कामात इतके बुडालेले असायचे की अडचण घेऊन गेलं तर स्क्रीनवरची नजर न काढता 'ठेवून जा' म्हणायचे. मन होतं, पण आकड्यांत. त्यांच्यानंतर आलेल्या मॅडम मात्र खुर्ची ओढून शेजारी बसायच्या, चूक आपल्यासोबत शोधायच्या. मग त्यांच्यावर दुसऱ्या टीमचाही भार टाकला आणि सहा महिन्यांत त्याही 'तुम्हीच बघून घ्या'वर आल्या! कामाच्या ठिकाणच्या मानसशास्त्राचे अभ्यासक विल्यम कान यांनी १९९० मध्ये कामात मन लागण्याच्या तीन अटी सांगितल्या होत्या: कामाला अर्थ, मनाला सुरक्षितता आणि अंगात उरलेली ताकद. सुपरवायझरची ती ताकद कोण राखणार, यावर लेखात एखादी ओळ तरी हवी होती.