सैंधवाने बीपी उतरत नाही : एक खुलासा

‘चीनमध्ये मीठ बदललं आणि पक्षाघाताचे झटके कमी झाले, म्हणून सैंधव खा, बीपीच्या गोळ्या सोडा’ असा मेसेज आठवडाभर कोल्हापुरात फिरतोय. आमच्या राजारामपुरीतल्या एका काकूंनी तो वाचून गोळ्या बंदच केल्या. परवा दारात उभ्या होत्या तर हातात गुलाबी मिठाचा डबा आणि डोकं गच्च धरलेलं. म्हणून लिहितोय.

अभ्यास खरा आहे. ब्रूस नील आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तो प्रसिद्ध केला. चीनच्या ६०० गावांतल्या जवळपास २१,००० लोकांपैकी निम्म्या गावांतल्या लोकांना साध्या मिठाऐवजी ७५ टक्के सोडियम क्लोराईड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराईड असलेलं मीठ दिलं. त्यांच्यात पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. यात सैंधव कुठेच नव्हतं! सैंधव जवळजवळ सगळंच सोडियम क्लोराईड असतं, रंग गुलाबी असला तरी. आणि गोळ्या सोडा असं त्या अभ्यासात म्हटलेलं नाही.

पोटॅशियमचं मीठही स्वतःच्या मनाने आणू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.

दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात कांदा-लसूण चटणी, खर्डा, पापड, लोणचं सगळं मोजायचं. रश्श्यात मीठ वरून घालू नका.

काकूंना काल डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात.