खचायचं असेल तर नीट खचा

मागच्या रविवारी सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे गावाच्या जंगलावर अख्ख्या गावाचा कायदेशीर हक्क मागायच्या, ग्रामसभेला चार जण आले. एक मी. एक सतरंजी आणणारा. एक आजोबा, त्यांना वाटलं भजन आहे. चौथा पोरगा मोबाईल चार्जिंगला लावायला आला होता, त्याच्या घरची लाईन गेली होती. तेव्हाच ठरवलं, लोकांना खचायचं नीट शिकवलं पाहिजे, कारण आपल्याकडे तेही अर्धवटच करतात.

पहिलं म्हणजे, मीटिंगला यायचं नाही, पण आपल्या दाव्याच्या निकालाचं काय झालं ते दर आठवड्याला पानठेल्यावर विचारायचं.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं नाव कोणी काढलं की लगेच म्हणा, "ते गावच वेगळं आहे बाप्पा." 2009 मध्ये त्यांना हाच वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, एवढंच ध्यानात ठेवा. त्याच्याआधी कित्येक वर्षं ते लोक अभ्यासगट करून बसत होते, हे विसरून जा, नाहीतर खचता येत नाही.

हिशोब फक्त आपल्या माणसाला मागा. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 चं, तेव्हा खर्च सांगितला 372 कोटी, अजून काम सुरूच आहे. तिथं जाऊन विचारता का, "भाऊ, काय झालं?"

आता फाईल. दाव्याची फाईल त्रुटीत निघाली की सरळ घरी जा. आमची तिसऱ्यांदा परत आली. यावेळची त्रुटी काय, तर निस्तारपत्रकाची, म्हणजे गावाच्या चराई-सरपणाच्या जुन्या हक्कांच्या सरकारी नोंदीची, प्रत अस्पष्ट. अहो, नक्कल तुमच्याच रेकॉर्डमधून काढली, शिक्का तुमचा, सही तुमची, अस्पष्ट तुमचं झेरॉक्स मशीन, आणि त्रुटी आमची! साहेब बदलला की पुन्हा पहिल्यापासून सांगा, नकाशा पुन्हा काढा, आणि वडीलधाऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून नियमातच लिहून आहेत म्हटलं तर म्हणतात, "त्या म्हाताऱ्यांना एकदा समोर आणा." कुठून आणू? जबाब देणाऱ्या चारातले दोघं वारले. त्यातल्या एका आजीनं गोठ्यातून उठून, हात लुगड्याला पुसून अंगठा दिला होता, 'नाल्यापासून त्या मोठ्या मोहापर्यंत आमची गुरं चरत' असं सांगून. कागदावर शाईच्या बाजूला शेणाचा डाग अजून आहे. तो मात्र एकदम स्पष्ट आहे.

स्टेटसला 'जल जंगल जमीन' टाका. झालं तुमचं काम.

आणि त्या दिवशी पानठेल्यावर खर्रा घोटत जो म्हणाला ना, "पंधरा वर्षं झाले भाऊ, काय भेटलं?", त्याला सांगतो. काहून बे, तुझी माय पहाटे उठून मोहफूल कोणत्या जंगलात वेचते? तेंदूपानाचे पैसे घरात कुठून येतात? सभेला निम्मे लोक लागतात, हजर लोकांत तिसरा हिस्सा बाया लागतात. मागच्या साली बाया धानाचा रोवणा सोडून आल्या होत्या, आणि तूच त्यांना म्हणाला की फुकट मजुरी बुडवली. मला काय शंका येत नाही? रात्री दोन वाजता येते, रोज येते, बायको विचारते झोप का नाही. पण माझी शंका मी तुझ्यासारखी पानठेल्यावर वाटत नाही.

येत्या रविवारी परत सभा आहे. तीन वाजता, समाजमंदिरात. यावेळी सतरंजी तू आण.