वायरलेस माऊस घेताना डीपीआय बघू नका, डावं बटण आणि चाक बघा

वायरलेस माऊसच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो डीपीआयचा. रोजच्या कामासाठी सगळ्यात बिनकामाचा आकडाही तोच. १००० डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो संगणकाला हजार पावलं मोजून देतो. विंडोजमध्ये पॉइंटरचा वेग मधोमध ठेवला आणि 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद केलं, तर एक पाऊल म्हणजे एक पिक्सेल. म्हणजे १९२० पिक्सेल रुंदीचा स्क्रीन या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायला दोन इंचही लागत नाहीत. मग ८००० डीपीआय घेऊन करायचं काय? दोन मॉनिटर असतील किंवा फोरके स्क्रीन असेल तर १६०० घ्या, विषय संपला.

पोलिंग रेटचंही तेच. सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी माऊस आपली जागा कळवतो. पत्रं, हिशेब, ब्राउझर यांना तेवढं भरपूर झालं. १००० चा आकडा गेम खेळणाऱ्यांसाठी. इतरांचा फक्त सेल लवकर संपतो.

माऊस सेन्सरमुळे क्वचितच निकामी होतो. आधी जातं डावं बटण, नाहीतर चाक. म्हणून माझं मत असं, की पारखायची असतील तर ही दोनच ठिकाणं नीट पारखा.

डाव्या बटणाखाली नखाएवढा स्विच असतो आणि त्याच्या आत धातूची एक पातळ पट्टी. दाबलं की ती पट्टी 'टक्' करून दुसऱ्या टोकाला चिकटते. चिकटताना ती क्षणभर थरथरते. ती थरथर माऊसमधली चिप मुद्दाम दुर्लक्षित करते. पण पट्टी थकली किंवा टोकावर ऑक्साइडचा थर धरला, की थरथर लांबते आणि एका दाबाचे दोन क्लिक मोजले जातात. वायरलेस माऊसमध्ये सेल वाचवण्यासाठी स्विचमधून अगदी नाममात्र करंट जातो, त्यामुळे तो थर तोडायला पुरेसा जोर नसतो. ऑप्टिकल स्विचमध्ये धातूची टोकं एकमेकांना टेकून सिग्नल जात नाही, पट्टी प्रकाशाचा किरण अडवते किंवा सोडते, म्हणून हे दुखणं तिथे नाही.

खोक्यावर 'एक कोटी क्लिक' लिहिलेलं असतं. दिवसाला ५००० क्लिक धरले तर हिशेब २००० दिवसांचा, म्हणजे साधारण साडेपाच वर्षांचा होतो. कागदावर! टोकं काळी पडायला तेवढं थांबत नाहीत.

तपासणी सोपी आहे. नोटपॅडमध्ये दोन-चार ओळी टाइप करा आणि एकेका शब्दावर सावकाश, प्रत्येक वेळी थांबून, एकेकदाच क्लिक करा. कर्सर नुसता शब्दात जाऊन बसला पाहिजे. एखादा शब्द आपोआप सिलेक्ट झाला तर तिथे डबल क्लिक झालं, माऊस परत करा. मग एखादी फाइल हलक्या बोटाने धरून अर्धा मिनिट स्क्रीनभर फिरवा. ती मधेच सुटली तर तोच रोग. बटण पुढच्या टोकाशी दाबा, मग तळव्याकडच्या बाजूला दाबून बघा. मागे थोडं जड लागणारच, पण फार जोर लावावा लागला तर बांधणी कच्ची आहे.

चाकाची परीक्षा एक्सेलमध्ये घ्या. विंडोजमध्ये काही बदललं नसेल तर चाकाच्या एका खाचेला तीन ओळी सरकतात. पहिली ओळ वर ठेवून मोजून ४० खाचा फिरवा: वर १२१ वी ओळ दिसली पाहिजे. ४० उलट फिरवा, परत पहिली. मधे पान उलट्या दिशेने उडी मारत असेल तर एन्कोडर, म्हणजे चाक किती आणि कुठल्या दिशेला फिरलं ते मोजणारा भाग, खराब आहे. यांत्रिक एन्कोडरला दोन संपर्कांपैकी आधी कुठला लागला यावरून दिशा कळते; धूळ, केस किंवा झीज यामुळे एक संपर्क हुकला की खालीचं वर होतं. फुंकर मारून चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चाक दाबूनही बघा, वीसेक वेळा. दाबताना ते फिरत असेल तर चाक दाबून नव्या टॅबमध्ये लिंक उघडताना रोज कटकट होणार.

आता डोंगल, म्हणजे माऊसचे सिग्नल पकडणारा, यूएसबी पोर्टमध्ये लावायचा छोटा तुकडा. 'कर्सर अडखळतो' या तक्रारीत माऊस बिचारा बऱ्याचदा निर्दोष असतो. डोंगल २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं आणि यूएसबी ३.० च्या पोर्टमधून, केबलमधून, हार्ड डिस्कमधून नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर तपशीलवार लेख काढला होता. म्हणून डोंगलशेजारी हार्ड डिस्क लावून मोठी फाइल कॉपी करा आणि त्याच वेळी पेंटमध्ये सावकाश गोल काढा. गोलाला कोपरे फुटले, की कारण सापडलं. उपाय म्हणजे साधी यूएसबी २.० ची मीटरभर एक्स्टेन्शन केबल: डोंगल माऊसपासून वीतभर अंतरावर आणून ठेवा. कॅबिनेटच्या मागच्या पोर्टमध्ये डोंगल खुपसणं तर टाळाच, मधे पत्र्याची अख्खी पेटी येते.

ब्लूटूथ माऊस पोर्ट अडवत नाही, पण झोपेतून उठायला क्षणभर वेळ घेतो आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, बहुधा चालत नाही. लॅपटॉपला उत्तम. डेस्कटॉपला मी डोंगलच सांगेन. दोन्ही सोयी असतील तर प्रश्नच मिटला. फक्त डोंगल हरवलं तर काय, हे घेण्याआधीच विचारा. लॉजिटेकच्या युनिफाइंग आणि बोल्ट प्रकारात नवं डोंगल जोडता येतं (युनिफाइंगचं बोल्टला चालत नाही, उलटही नाही). बऱ्याच स्वस्त माऊसना मात्र जोडीचंच डोंगल लागतं. ते गेलं की माऊसचा पेपरवेट. पोटात डोंगल ठेवायला खाच आहे का, तेही पाहा.

सुरक्षेचं एक सांगून ठेवतो. २०१६ मध्ये बॅस्टिल कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं, की काही कंपन्यांची डोंगलं एन्क्रिप्ट (सांकेतिक) न केलेले सिग्नलही स्वीकारत असल्याने दुरून कीबोर्डच्या खोट्या कळा दाबता येतात. 'माऊसजॅक' म्हणतात त्याला. जुनं डोंगल वापरत असाल तर त्याच्या फर्मवेअरचं, म्हणजे डोंगलच्या आतल्या प्रोग्रामचं, अपडेट आहे का ते शोधा.

सेलच्या बाबतीत माझा कौल डबल ए ला, आत बसवलेल्या बॅटरीला नाही. संपला, बदलला, काम चालू. आतली लिथियम बॅटरी थकली की कवच उघडावं लागतं आणि स्क्रू बऱ्याचदा खालच्या सरकपट्ट्यांखाली दडवलेले असतात. ॲपलच्या मॅजिक माऊसला तर चार्जिंगचं भोक पोटाखाली आहे, म्हणजे चार्ज होताना काम बंद. अल्कलाइन डबल ए चं वजन २३ ग्रॅमच्या आसपास आणि ट्रिपल ए चं त्याच्या निम्मं; माऊस जड वाटत असेल तर ट्रिपल ए घालून वापरायचं अडॅप्टर मिळतं. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असल्याने काही माऊस पहिल्या दिवसापासून 'बॅटरी कमी' दाखवतात, घाबरू नका. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. गळलाच, तर पांढरी भुकटी अल्कलीची असते: कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग कोरड्या काडीने, आणि पूर्ण वाळल्याशिवाय नवा सेल घालू नका.

हातात धरून बघितल्याशिवाय आकार ठरवू नये. अंगठा आणि करंगळीने दोन्ही बाजूंनी धरून माऊस उचला. बोटं आवळावी लागली तर तो तुमच्या हाताचा नाही. प्रवासासाठीचे चपटे, छोटे माऊस दिवसभराच्या कामाला घेऊ नयेत, तळव्याला टेकायला काही उरत नाही. आणि मऊ रबरी लेप दिला असेल तर तो हात लावायला कितीही छान वाटो, टाळा. दमट हवेने आणि घामाने तो लेप विघटित होतो आणि दोन-तीन वर्षांत गुळासारखा चिकट होऊ शकतो. झालाच असेल तर सेल काढून, फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, लेप पूर्ण निघेपर्यंत घासा; खालचं साधं प्लास्टिक त्याहून जास्त टिकतं.