पदक न मिळवणाऱ्यांनाही रेंजवर जागा द्या

ऑफिस सुटल्यावर सांगलीत चाळिशी ओलांडलेल्या बाईमाणसानं जायचं कुठं? देवळात, भिशीत, नाहीतर आमराईत चालायला. मी तिन्हीकडं जाते आणि मला आवडतंही. पण तिथं पोचायच्या आधीच आपली ओळख ठरलेली असते. अमक्यांची सून, तमक्याची आई, कुठल्या गल्लीतली. अनोळखी माणसांच्या शेजारी उभं राहून या वयात काहीतरी अगदी पहिल्यापासून शिकावं, अशी जागा आपल्याकडं फार थोडी. मला ती नेमबाजीच्या, एअर रायफलच्या रेंजवर मिळाली.

2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत, 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचं पोरगं, म्हणजे आपल्या शेजारचंच. 1952 ला खाशाबा जाधवांनी मिळवलं, त्यानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत 2010 मध्ये विश्वविजेत्या झाल्या होत्या, राही सरनोबतनं 2018 च्या एशियाडला सोनं आणलं. मग पालक मुलांना घेऊन रेंजवर येणारच, आणि यावंच. पण आता पहिला प्रश्न असतो, "स्टेट, म्हणजे राज्य स्पर्धा, कधी खेळंल?" मोठ्या माणसानं चौकशी केली तर समोरून विचारतात, "मुलगा आहे का मुलगी?" तो माणूस स्वतःसाठी आला असेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझं म्हणणं एवढ्याचसाठी आहे.

ज्यांनी रेंज पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. अंतर दहा मीटर. कागदावरचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे शॉट नेमका बसला की ठिपका शिल्लकच राहत नाही. रायफल उचलून गाल टेकवला की साइटमध्ये स्वतःच्या छातीचा ठोका हलताना दिसतो. दिवसभर साहेबांचं काय ऐकून घेतलं, घरी काय बिनसलंय, सगळं त्या हलण्यात उतरतं. पुलीचं चाक फिरवून टार्गेट जवळ घेतलं की कागद खरं काय ते सांगतो. शेजारच्याचा कागद बघून कुणी हसत नाही, कारण पुढचा शॉट आपलाही तसाच जाऊ शकतो हे प्रत्येकाला माहीत असतं.

आमच्याकडं मिरजेचे एक सतारमेकर येतात. मी ट्रिगर झटक्यानं ओढायचे. त्यांनी दोन दिवस नुसतं बघितलं, मग म्हणाले, "ताई, जवारी काढताना, म्हणजे सतारीची घोडी घासताना, कानस एकदा जास्त फिरली की आवाज गेला. बोटाला घाई नको. दाबत न्या, कधी सुटला ते तुम्हालाच कळायला नको." त्या संध्याकाळी माझा पहिल्यांदा ग्रुप बसला, म्हणजे सगळे छर्रे जवळजवळ लागले. तासगावचे एक द्राक्षबागायतदार आहेत, ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की महिनाभर गायब. रात्रपाळीच्या आधी तासभर येणारी एक नर्स आहे. डिप्लोमा करणारी दोन पोरं आणि एक रिटायर्ड सुभेदार. एरवी ही माणसं एका टेबलावर कधी बसली असती?

सुभेदारकाकांची शिस्त कडक. कुणी लाइनच्या पुढं गेलं की बाकीच्यांच्या रायफली टेबलावर, बोल्ट उघडे, नळीत सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी आहे हे दाखवणारी पट्टी), हात मागं. एका पोरानं गंमत म्हणून नळी मित्राकडं वळवली. रायफल रिकामी होती. काकांनी त्याला त्याच क्षणी बाहेर काढलं. तो आठवड्यानं परत आला, आणि आता नव्या माणसाला फ्लॅग कसा घालायचा ते तोच दाखवतो. वाढदिवसाला कमरेला पिस्तूल खोचलेले फोटो स्टेटसला ठेवणाऱ्या पोरांच्या काळात मला हे फार मोलाचं वाटतं. माझ्या डावीकडचा माणूस काय काम करतो हे मला कितीतरी दिवस ठाऊक नव्हतं, पण तो रायफल खाली कशी ठेवतो हे ठाऊक होतं. विश्वास टाकायला तेवढं पुरलं.

शूटिंग झालं की सगळे नळावर. छर्रे शिशाचे, त्यामुळं साबणानं हात धुतल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. मग चहा, भडंग आणि गप्पा. एका पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडं सरकत होतं. आमच्यातलं एक पोरगं सूर्यवंशी प्लॉटमध्ये भाड्यानं राहायचं. पाणी पहिल्यांदा शिरतं ते त्याच भागात. त्यानं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही लिहायच्या आतच द्राक्षवाल्यांचा टेम्पो दारात उभा होता. त्याचं आणि घरमालकांचं सामान भरलं, फ्रिज सतारमेकरांच्या घरी गेला, पुस्तकांची खोकी माझ्या हॉलमध्ये. हे कुणी ठरवून केलं नव्हतं.

म्हणून ज्यांच्या हातात रेंज आहेत त्यांना माझी विनंती आहे. सकाळच्या बॅचेस, स्पर्धेच्या तयारीच्या बॅचेस मुलांच्याच राहू द्या. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी दोन लेन, म्हणजे नेम धरायच्या दोन जागा, मोठ्यांसाठी ठेवा. रायफल क्लबची वापरायला द्या, लाखांच्या घरातली इंपोर्टेड रायफल घ्यायला सांगून माणसाला दारातूनच परत पाठवू नका. शाळांचे लांब हॉल संध्याकाळी कुलूपबंद असतात. टार्गेटमागं छर्रे अडवणारा भक्कम बॅकस्टॉप, चांगला उजेड आणि जबाबदार माणूस असेल तर तिथंही चार लेन उभ्या राहतात.

आणि ज्यांना यायचंय त्यांनी वय सांगत बसू नये. सपाट तळव्याचे बूट घाला, रिकाम्या पोटी येऊ नका, चष्मा असेल तर तोच लावून या. पहिले काही दिवस छर्रा मिळणार नाही, नुसतं उभं राहायला आणि ड्राय फायर करायला, म्हणजे रिकाम्या रायफलीचा ट्रिगर दाबायला शिकवतील. कंटाळून सोडू नका. बुधवारी आणि शनिवारी सहानंतर मी तिथंच असते.